बाटली कधी उघडली? वाईन बारमध्ये नव्याने जाणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रात ‘वाईन्स’ अशी पाटी असलेल्या दुकानात बसून वाईन पिता येत नाही. तिथे व्हिस्की, रम, बिअर सगळं मिळतं. बाटली काळ्या पिशवीत घालून हातात देतात आणि गिऱ्हाइकानं घरची वाट धरायची असते. उलट जिथे टेबलावर निवांत बसून, दोन-चार पदार्थ मागवून वाईनचा सुटा ग्लास घेता येतो, त्या जागेच्या पाटीवर ‘वाईन’ हा शब्द बहुधा नसतोच. कॅफे, बिस्त्रो, किचन असं काहीतरी लिहिलेलं असतं. नव्या माणसाचा गोंधळ इथूनच सुरू होतो आणि बिल येईपर्यंत चालू राहतो.

हा लेख पुणे, मुंबई, नाशिक अशा शहरांत आपल्या भागातल्या एखाद्या वाईन बारमध्ये किंवा परवाना असलेल्या कॅफेत पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगायला हवी. ग्लास वाईट लागतो तो सहसा वाईन स्वस्त असल्यामुळे नव्हे. बाटली उघडून किती दिवस झाले आणि ती किती गरम होती, यावर निम्म्याहून जास्त अवलंबून असतं. या दोन्ही गोष्टी विचारता येतात, आणि विचारायलाच हव्यात.

१. जागा ओळखा

वाईन शॉप आणि बिअर शॉपी ही दुकानं आहेत, बसायच्या जागा नव्हेत. परमिट रूममध्ये बसता येतं, जेवणही चांगलं मिळतं, पण तिथलं बहुतेक गिऱ्हाईक व्हिस्की-बिअरचं. वाईनच्या दोन-तीन बाटल्या काउंटरमागे दिव्याच्या उजेडात उभ्या असतात आणि कधीपासून आहेत हे मालकालाही आठवत नाही. तिथे मटण खा, वाईन दुसरीकडे घ्या.

वाईनसाठी योग्य जागा ओळखायच्या खुणा तीन: वाईनसाठी वेगळा फ्रिज, मेनूत ‘ग्लास’ आणि ‘बाटली’ असे दोन वेगळे दर, आणि दांडीचे पातळ काचेचे ग्लास. जाण्याआधी फोन करून एकच प्रश्न विचारा: ‘सुट्या ग्लासात किती वाईन्स आहेत?’ चार ते आठ असं उत्तर आलं तर छान. बारा टेबलांच्या जागेत वीस वाईन्स ग्लासावर असतील तर सावध व्हा. एवढ्या उघड्या बाटल्या एका संध्याकाळी संपत नाहीत, आणि उरलेलं उद्या कुणाच्या तरी ग्लासात जातं.

एक मोठी चूक इथे होते. कॅफे आवडता आहे, मालक ओळखीचा आहे, म्हणून लोक स्वतःची बाटली घेऊन जातात. परवाना नसलेल्या ठिकाणी बाटली उघडली तर मालक आणि पिणारे, दोघांवरही दारूबंदी कायद्याखाली कारवाई होऊ शकते. ‘चहाच्या कपात ओतून देतो’ असं कुणी म्हणालं तर उठा आणि निघा.

नाशिकजवळ असाल तर सुरुवातीसाठी याहून सोपी वाट आहे. गंगापूर धरणाच्या परिसरात सुला, यॉर्क, सोमा अशा वायनरी आहेत, आणि वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये पाच-सहा वाईन्स प्रत्येकी घोटभर, साधारण ३० मिली, चाखायला मिळतात. एका बैठकीत आपल्याला काय आवडतं ते कळतं. शहरातल्या बारमध्ये तेवढंच शिकायला पाच ग्लासांचे पैसे जातात.

२. निघण्यापूर्वी: कागदपत्रं आणि तारीख

सोबत हे ठेवा:

- जन्मतारीख असलेलं ओळखपत्र. महाराष्ट्रात वाईन आणि बिअरसाठी वय किमान २१ लागतं, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५. टेबलावरच्या एकाचं वय कमी असेल तर त्याच्यासाठी दुसरं पेय मागवा, ‘चालतंय’ म्हणू नका.
- पिण्याचा परवाना. एक दिवसाचा बारमध्ये मिळतो. वर्षाचा किंवा आजीवन परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या संकेतस्थळावरून काढता येतो. वरचेवर जाणार असाल तर तो काढून फोनमध्ये ठेवा.
- परतीची सोय. याबद्दल शेवटी सविस्तर.

तारीख बघायला विसरू नका. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ड्राय डे असतो. आषाढी-कार्तिकी एकादशी, गणेश विसर्जनाचे दिवस आणि निवडणुका यांचे आदेश जिल्ह्यानुसार निघतात. मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास दारूविक्री बंद असते. अशा दिवशी कॅफे उघडा असतो, कॉफी मिळते, वाईनची यादी मात्र आत ठेवलेली असते.

३. वार आणि वेळ

शनिवारी रात्री नऊला पहिल्यांदा जाऊ नका. वेटरला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो आणि शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. बुधवार किंवा गुरुवार, संध्याकाळी साडेसहा-सात ही वेळ उत्तम. काउंटरजवळ जागा मिळाली तर तीच घ्या. बाटली कुठून काढतात, कशी ठेवतात ते समोर दिसतं.

सोमवारची गंमत वेगळी आहे. शनिवार-रविवारच्या गर्दीत उघडलेल्या आणि अर्ध्या राहिलेल्या बाटल्या सोमवारी ग्लासात येतात. सोमवारी जाऊ नका असं नाही, पण त्या दिवशी पाचव्या पायरीतला पहिला प्रश्न विसरू नका.

हॅपी अवर्समध्ये ‘एकावर एक’ असेल तर दोन्ही ग्लास एकदम आणून ठेवतात. दुसरा कोमट होतो आणि मग तो घाईनं संपवला जातो. ‘दुसरा नंतर द्या’ एवढं आधी सांगितलं की बहुतेक ठिकाणी ऐकतात.

४. यादी कशी वाचायची

यादीत द्राक्षाचं नाव, वायनरी, कधी वर्ष आणि दोन दर असतात. भारतीय वाईनमध्ये नव्या माणसाला वारंवार दिसणारी नावं अशी:

- शेनिन ब्लाँ: पांढरी, फळांच्या वासाची, आपल्याकडे बरेचदा किंचित गोडसर. सुरुवात इथून करा.
- सोव्हिन्यों ब्लाँ: पांढरी, कोरडी (म्हणजे गोड नसलेली, एवढाच अर्थ), लिंबासारखी आंबट, हिरव्या मिरचीचा किंवा कापलेल्या गवताचा वास. आवडली तर फार आवडते, नाहीतर अजिबात नाही.
- रोझे: फिकट गुलाबी, पांढरीसारखी थंड प्यायची. मसालेदार खाण्याबरोबर सगळ्यात कमी कुरकुर करणारी.
- शिराझ आणि कॅबरने सोव्हिन्यों: तांबड्या, तुरट. हा तुरटपणा टॅनिनचा. जास्त उकळलेल्या कोऱ्या चहानं जीभ आणि हिरड्या कोरड्या पडतात, तसंच.
- ब्रूट: फेसाळती आणि कोरडी.

‘पोर्ट’ या नावानं आपल्याकडे मिळणारी स्वस्त गोड वाईन अनेकांनी आधी चाखलेली असते आणि सगळी तांबडी वाईन तशीच गोड असेल अशी समजूत होते. मग शिराझचा पहिला घोट घेतल्यावर ‘खराब झालीय’ असं वाटतं. खराब झालेली नसते, गोड नसते इतकंच.

लेबलावर नाशिक, दिंडोरी, अकलूज किंवा कर्नाटकातलं नंदी हिल्स वाचायला मिळेल. आपल्याकडे द्राक्षाची छाटणी सप्टेंबरच्या आसपास होते, थंडीत घड भरतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी होते. पांढरी आणि रोझे ताजी असतानाच चांगली, त्यामुळे वर्ष जितकं अलीकडचं तितकं बरं. तीन-चार वर्षांपूर्वीची साधी पांढरी वाईन कुणी ‘जुनी आहे, भारी आहे’ म्हणून सुचवली तर नम्रपणे नको म्हणा. फिरकीचं झाकण बघूनही नाक मुरडू नका. ताजेपणा टिकवायला ते बुचापेक्षा कमी नाही.

आता हिशेब. बाटली ७५० मिलीची, ग्लास सहसा १५० मिलीचा, म्हणजे पाच ग्लास. समजा ग्लास ६०० रुपयांना आणि बाटली २,४०० ला आहे. चौथ्या ग्लासाला बाटलीचे पैसे झाले. तिघे-चौघे एकच वाईन घेणार असाल तर बाटली घ्या. पैसे वाचतात आणि बाटली तुमच्यासमोर उघडली जाते, हा त्याहून मोठा फायदा.

५. ग्लास मागवताना तीन प्रश्न

हे तीन प्रश्न पाठ करा. ते विचारल्यानं कुणी अडाणी ठरत नाही. उलट वेटर आत जाऊन नवी बाटली उघडायची शक्यता वाढते.

पहिला: ‘ही बाटली कधी उघडली?’ उघडल्यापासून हवेतला ऑक्सिजन वाईनवर काम करू लागतो. फळांचा वास आधी जातो, मग चिरून ठेवलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदासारखा वास येतो आणि शेवटी व्हिनेगरची झाक. झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवलेली पांढरी तीन दिवस, फार तर पाच दिवस बरी राहते. तांबडीही फ्रिजमध्येच ठेवायला हवी, तरी दोन-तीन दिवसच. बाहेर फळीवर ठेवलेली तांबडी आपल्या हवेत दुसऱ्याच दिवशी उतरते. फेसाळती एका दिवसात बसते, म्हणून तिचा सुटा ग्लास डोळ्यांदेखत उघडलेल्या बाटलीतूनच घ्या. नसेल तर छोटी बाटली मागा. उत्तर ‘आजच’ किंवा ‘काल रात्री’ आलं तर ठीक. ‘बघून सांगतो’ म्हणाला तर बाटलीच आणायला सांगा. तळाशी एकच ग्लास उरला असेल तर तो तुम्ही घ्यायची गरज नाही.

दुसरा: ‘किती मिली?’ काही ठिकाणी १२० किंवा १२५ मिली ओततात. त्यात चूक काही नाही, पण दोन बारच्या दरांची तुलना करताना ते धरायला हवं. आणि ग्लास एक-तृतीयांशच भरला म्हणून रागावू नका. वाईनचा ग्लास ४०० मिलीच्या आसपास मावेल एवढा असतो. वरची रिकामी जागा वास साठायला ठेवलेली असते. काठोकाठ भरून देतात तिथे वाईनची फारशी जाण नाही असं समजावं.

तिसरा: ‘तांबडी थंड केलेली आहे का?’ नव्या माणसाला हा प्रश्न चमत्कारिक वाटतो, कारण ‘रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यायची’ असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ती रूम युरोपातली, १६ ते १८ अंशांची. पुण्यात एप्रिलमध्ये फळीवरची बाटली ३० च्या पुढे असते. त्या तापमानाला अल्कोहोलची वाफ नाकात चढते आणि वाईन औषधासारखी लागते. उपाय साधा आहे: बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि त्यात बाटली दहा मिनिटं. नुसत्या बर्फात ठेवू देऊ नका. बर्फाच्या खड्यांमध्ये पोकळी राहते आणि बाटली हळू गार होते. पाणी बाटलीला चहूबाजूंनी भिडतं. पांढरी सामान्य तापमानाला असेल तर त्याच बादलीत वीस-पंचवीस मिनिटं.

याच्या उलटही घडतं. पांढरी थेट कडक फ्रिजमधून आली की वासच लागत नाही. ग्लासाचं पोट दोन मिनिटं ओंजळीत धरा, वास उघडत जाईल. बाकी वेळी ग्लास दांडीला धरा, हाताची ऊब वाईनला लागत नाही.

६. पहिला घोट आणि परत पाठवणं

बाटली घेतली की वेटर लेबल दाखवतो, उघडतो आणि एकाच्या ग्लासात घोटभर ओतून थांबतो. लोक इथे गडबडतात. ‘आवडली का’ असा तो प्रश्न नसतो. वाईन बिघडलेली नाही ना, एवढंच बघायचं. लेबलवरचं नाव आणि वर्ष यादीशी जुळवा, ग्लास दोनदा फिरवा, वास घ्या, छोटा घोट घ्या, मान हलवा. झालं. बुचाचा वास घ्यायची गरज नाही.

परत पाठवायची कारणं ठरलेली आहेत: व्हिनेगरचा वास, काळ्या सफरचंदाचा वास, पांढरीचा रंग तपकिरीकडे झुकलेला, किंवा बुचाच्या बाटलीत ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास. शेवटचा दोष बुचातून येतो आणि बाटली कितीही महाग असली तरी येऊ शकतो. मात्र ‘मला वाटलं गोड असेल’ हे परत पाठवण्याचं कारण नाही.

तक्रार करण्याआधी एक तपासणी करा. अनेकदा वास वाईनचा नसतो, ग्लासाचा असतो. धुतलेले ग्लास दमट फडक्यानं पुसून उलटे ठेवले, की आत तोच वास कोंडतो. पावसाळ्यात तर हमखास. म्हणून वाईन ओतण्याआधी रिकामा ग्लास नाकाशी न्या. कुबट वास आला तर दुसरा मागा. वाईन ओतून झाली असेल तर थोडी दुसऱ्या कोरड्या ग्लासात ओता. वास गेला तर दोष ग्लासाचा, राहिला तर बाटलीचा. एवढं दाखवून बोललात तर वाद होत नाही.

तक्रार पहिल्या दोन घोटांतच करा. अर्धा ग्लास संपवून केलेली तक्रार कुणी मनावर घेत नाही, आणि ते बरोबरच आहे.

७. खायला काय मागवावं

वाईन बारमधली चूक म्हणजे आधी वाईन, मग गप्पा आणि दीड तासानं ‘काहीतरी खाऊया’. रिकाम्या पोटी वाईन लवकर चढते आणि तुरट वाईन तर पोटात टोचते. पहिला पदार्थ वाईनबरोबरच सांगा.

जुळवाजुळवीचे चार नियम पुरतात. तिखटानं जीभ भाजलेली असेल तर अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही ती आग वाढवतात. मीठ वाईनचा तुरटपणा आणि कडवटपणा कमी करतं. पदार्थावर लिंबू पिळलं की वाईन कमी आंबट, जास्त गोलसर लागते. आणि पदार्थ वाईनपेक्षा गोड असला की वाईन आंबट-कडू होते.

यावरून मेनू वाचा. बटर-गार्लिक कोळंबी आली की शेनिन किंवा सोव्हिन्यों ब्लाँ, आणि लिंबाची फोड पिळायला विसरू नका. खिमा-पाव किंवा मटण सुक्क्याबरोबर शिराझ, पण थोडी गार केलेली. झणझणीत असेल तर शिराझ सोडा आणि रोझे घ्या. पनीर टिक्क्यालाही रोझे. चिली-चीज टोस्टला किंचित गोडसर शेनिन. तळलेल्याला फेसाळती: बोंबील फ्राय, कोथिंबीर वडी किंवा कुरकुरीत भज्यांबरोबर ब्रूटचा आंबटपणा आणि बुडबुडे जिभेवरचं तेल धुऊन काढतात. या जोडीइतकी समाधान देणारी जोडी मेनूवर क्वचितच असते, आणि बहुतेक लोक फेसाळती फक्त वाढदिवसाला उघडतात, याचं वाईट वाटतं.

ठेच्याबरोबर कुठलीच वाईन टिकत नाही. ठेचा दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर खा. चॉकलेट केकबरोबर कोरडी तांबडी मागवू नका, दोन्ही बिघडतात. गोड हवंच असेल तर ‘लेट हार्वेस्ट’ लिहिलेली गोड शेनिन बघा. ती कॅरॅमल कस्टर्डबरोबर सुंदर लागते.

चीज प्लेट दोघांत एक पुरते. ती आली की लगेच खाऊ नका, दहा मिनिटं टेबलावर राहू द्या. फ्रिजमधून काढलेल्या थंडगार चीजला चव नसते. सोबतचा पाव संपला तर आणखी मागा, तो बहुधा फुकट देतात.

८. किती प्यावं

वाईन हलकी, असं म्हणत लोक चार ग्लास घेतात. हिशेब करून बघा: १५० मिली वाईन, १३ टक्के अल्कोहोल, म्हणजे साडेएकोणीस मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीचा ३० मिलीचा स्मॉल पेग ४२.८ टक्क्यांचा, म्हणजे जेमतेम तेरा मिली. एक ग्लास वाईन हा दीड स्मॉल पेग झाला. दोन तासांत दोन ग्लास आणि प्रत्येक ग्लासामागे तेवढंच पाणी, हे प्रमाण नव्या माणसाला पुरतं. पाणी मागताना ‘साधं पाणी’ असं स्पष्ट म्हणा, नाहीतर सीलबंद बाटली उघडून ठेवतात आणि ती बिलात येते.

९. बिल

वाईनवर जीएसटी लागत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट असतो. जीएसटी खाण्यावर, साध्या कॅफेत ५ टक्के. बिलात हे दोन भाग वेगळे दिसले पाहिजेत. पूर्ण रकमेवर जीएसटी लावला असेल तर दाखवून द्या. ग्लासांची संख्या मोजा, गर्दीत एखादा जास्तीचा चढतो.

सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये तो आपोआप बिलात लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. शांतपणे ‘हा काढून द्या’ म्हणा. न काढल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पण ज्या वेटरनं तुमच्या तीन प्रश्नांची नीट उत्तरं दिली, बादलीत बर्फ आणून दिला, त्याच्या हातात टीप जरूर ठेवा.

१०. परतताना

गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं तर गुन्हा आहे. पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. साठ किलोच्या माणसाचं प्रमाण एकाच ग्लासात ही मर्यादा ओलांडू शकतं. त्यामुळे ‘एकच घेतला’ हा हिशेब नाक्यावर चालत नाही. दुचाकी घरीच ठेवून या, रिक्षा किंवा कॅब बिल मागतानाच बोलावा.

उठण्याआधी आवडलेल्या बाटलीच्या लेबलाचा फोटो काढा, वर्ष दिसेल असा. पुढच्या वेळी तो फोटो दाखवून ‘याच द्राक्षाची, दुसऱ्या वायनरीची आहे का?’ असं विचारा. आणि ती बाटली कधी उघडली, तेही.